सवय मोडली की सोय गेली?

विंडोज ८ मध्ये माऊसने कॉम्प्युटर बंद करायचा तर असं करावं लागे. पॉइंटर स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात न्यायचा. तिथे काहीही दिसत नाही, तरी न्यायचा. क्षणभर थांबलं की उजव्या कडेला पाच चिन्हं पुसट उमटतात. आता पॉइंटर कडेकडेनेच खाली उतरवायचा. जरा आत भरकटला की चिन्हं गायब, आणि सगळं पहिल्यापासून. नीट उतरलात तर मागे काळी पट्टी येते आणि चिन्हं ठळक होतात. त्यातलं सगळ्यात खालचं 'सेटिंग्ज' दाबायचं, मग 'पॉवर', मग 'शट डाउन'. त्याआधीच्या विंडोज ७ मध्ये डाव्या खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण दाबलं की 'शट डाउन' समोरच असायचं. दोन क्लिक, काम फत्ते.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आलं आणि जगभर ओरड सुरू झाली. १९९५ पासून त्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेलं स्टार्ट बटण गेलं होतं. कॉम्प्युटर सुरू केल्यावर डेस्कटॉपऐवजी रंगीत चौकोनांची भिंत समोर येत होती. बदलाची बाजू घेणारे म्हणत होते, लोकांना काहीच नवं नको असतं, होईल हळूहळू सवय. विरोधक म्हणत होते, चांगल्या चाललेल्या गोष्टीचं वाटोळं केलं. हाच वाद पुढे आयफोनच्या आयओएस ७ च्या वेळी झाला, विंडोज ११ च्या वेळी झाला, २०२५ मध्ये ॲपलच्या 'लिक्विड ग्लास' या काचेसारख्या रूपावरून पुन्हा झाला. दर वेळी तेच दोन पक्ष आणि तीच वाक्यं.

माझ्या मते या वादात दोन वेगळी दुखणी एकाच नावाने ओळखली जातात. पहिलं, सवय मोडल्याचं. दुसरं, सोय गेल्याचं. पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच दुखतात, म्हणून वेगळी ओळखू येत नाहीत. पण पहिलं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. दुसरं ओसरत नाही, आपण फक्त ते सोसायला शिकतो. आपल्याला नेमकं काय झालंय हे कळलं, तर कशासाठी थांबायचं, कुठलं सेटिंग आजच बदलायचं आणि कशाबद्दल तक्रार करायची हे ठरवता येतं.

हाताची आठवण

रोज वापरतो तो पासवर्ड कुणी तोंडी विचारला तर कधी कधी चटकन सांगता येत नाही. कीबोर्डवर बोटं ठेवली की मात्र तो आपोआप टाइप होतो. मेंदूत सांगता येणारी माहिती वेगळी साठते आणि करून दाखवता येणारी वेगळी. या दुसऱ्या प्रकाराला मानसशास्त्रात प्रक्रियात्मक स्मृती म्हणतात. फाइल कुठे सेव्ह करायची, खिडकी कशी लहान करायची, आवाज कुठून कमी करायचा ही सगळी कामं आपण त्या स्मृतीवर सोपवलेली असतात.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुठलंही कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दुसरीवर हात बसायला लागतो, चुका कमी होतात. तिसरीवर लक्ष न देता काम होतं. स्क्रीनची मांडणी बदलली की तिसऱ्या पायरीवरचा माणूस पहिलीवर येऊन पडतो. खरं तर पहिलीच्याही खाली. कारण नवख्याचा हात कुठेच जात नाही, तो शोधत शोधत जातो. सराईताचा हात मात्र चुकीच्या जागी धावतो आणि तिथून त्याला ओढून आणावं लागतं. कॉम्प्युटर कोळून प्यायलेली मंडळी नव्या रूपावर सगळ्यात जास्त का चिडतात, याचं उत्तर इथे आहे. त्याचा हट्टीपणाशी फारसा संबंध नाही. सराव जितका पक्का, तितकी ठेच मोठी.

वाया जाणारा वेळ तसा किरकोळ असतो, एखादं बटण शोधायला दोन-तीन सेकंद जास्त. तुटते ती तंद्री. वाक्य डोक्यात जुळत आलेलं असतं, मध्येच दुसरी फाइल उघडायची असते, बटण जागेवर सापडत नाही, आणि सापडेपर्यंत वाक्य हातचं गेलेलं असतं. दिवसभर असं होत राहिलं की माणूस संध्याकाळी थकतो आणि नेमकं कशाने थकलो हे त्याला सांगता येत नाही.

निव्वळ सवयीच्या दुखण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं, म्हणून जुलै २०११ मधला एक बदल सांगतो. ॲपलने मॅकसाठी 'लायन' ही आवृत्ती आणली आणि स्क्रोल करण्याची दिशा उलटी केली. पूर्वी ट्रॅकपॅडवर बोटं खाली ओढली की मजकुरात आपण खाली जायचो. आता फोनसारखं, बोटं वर सरकवली की पान वर सरकतं. या दिशेला कंपनीने 'नॅचरल' असं नाव दिलं, म्हणजे इतकी वर्षं आपण करत होतो ते अनैसर्गिकच म्हणायचं! पण शांतपणे पाहिलं तर गेलं काहीच नव्हतं. एकही पायरी वाढली नाही, काही लपलं नाही, काही वाचेनासं झालं नाही. फक्त दिशा फिरली. ज्यांना नको होतं त्यांच्यासाठी जुनी दिशा परत आणायचं सेटिंगही होतं. आजही मॅकवर तीच नवी दिशा मूळची म्हणून चालू असते आणि त्यावर आता कुणी भांडत नाही.

बोटासाठी केलेलं माऊसच्या गळ्यात

विंडोज ८ चं प्रकरण इतकं सरळ नाही.

आधी कंपनीची बाजू. २०१० साली आयपॅड आला आणि टॅब्लेट हेच भविष्य असं वातावरण तयार झालं. मायक्रोसॉफ्टने ठरवलं की टॅब्लेट आणि कॉम्प्युटर या दोन्हींसाठी एकच रूप ठेवायचं. टॅब्लेट दोन्ही हातांत धरला की अंगठे कडांवर असतात, त्यामुळे कडेवरून आत बोट सरकवून पट्टी बाहेर काढणं तिथे खरोखर सोयीचं होतं. शिवाय विंडोज ७ पासून लोक रोजचे प्रोग्रॅम टास्कबारवरच, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवरच, चिकटवून ठेवू लागले होते. स्टार्ट मेनूचा वापर कमी होत चालल्याचं कंपनीला आपल्या आकडेवारीत दिसत होतं आणि तिने ते २०११ मध्ये जाहीरही केलं होतं.

पण एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते आणि ती किती गरजेची आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना वर्षभरात कुणी वापरला नाही म्हणून तो काढून टाकावा, तसला हा हिशेब झाला. स्टार्ट बटण ही न सापडणारी प्रत्येक गोष्ट शोधायला जाण्याची जागा होती. काही सुचेना की तिथे जायचं, एवढं कॉम्प्युटर जेमतेम वापरणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मोठी चूक मात्र अदृश्य कोपऱ्यांची. यामागचं गणित मोठं गमतीचं आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच फिट्स यांनी १९५४ साली एक नियम मांडला होता: एखाद्या जागेवर पोचायला लागणारा वेळ तिचं अंतर आणि तिचा आकार यांवर ठरतो. जवळची आणि मोठी जागा लवकर गाठता येते. माऊसच्या बाबतीत स्क्रीनचा कोपरा फार खास आहे, कारण पॉइंटर कितीही जोरात ढकलला तरी कोपऱ्याच्या पुढे जात नाही. नेम धरायची गरजच नाही, म्हणजे पोचण्याच्या दृष्टीने कोपरा भलामोठा झाला. स्टार्ट बटण इतकी वर्षं हाताशी वाटलं त्यात या जागेचा मोठा वाटा आहे. विंडोज ८ मधल्या जादूच्या कोपऱ्यांनाही हाच फायदा होता. पोचायला ते सोपेच होते. फक्त तिथे काही आहे हे कळायला मार्ग नव्हता. बटण दिसत असलं तर विसरलेला माणूस ते पुन्हा शोधू शकतो. दिसतच नसेल तर कुणीतरी सांगावं लागतं.

आणि हा त्रास जुन्या वापरकर्त्यांपुरता नव्हता. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये १२ अनुभवी कॉम्प्युटर वापरकर्त्यांना विंडोज ८ वर काम करायला लावून निरीक्षणं मांडली. नवखे आणि सराईत, दोघांनाही हे रूप अडचणीचं आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. एकाच यंत्रात चौकोनांचं एक जग आणि डेस्कटॉपचं दुसरं, अशी दोन वेगळी वातावरणं लक्षात ठेवावी लागत होती. सपाट चित्रांमध्ये दाबता येणारं काय आणि नुसतं शोभेचं काय, हेही ओळखू येत नव्हतं.

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. १७ ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये स्टार्ट बटण परत आलं. दाबलं तर चौकोनांची भिंतच उघडायची, पण बटण निदान दिसत तरी होतं, आणि त्यावर राइट-क्लिक केलं की 'शट डाउन' मिळायचं. थेट डेस्कटॉपवर सुरू होण्याची सोयही आली. एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये स्टार्ट स्क्रीनवर पॉवरचं बटण आलं. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा स्टार्ट मेनूही परतला होता. पण सपाट रूप माघारी गेलं नाही, आणि चौकोन तर विंडोज १० च्या मेनूतही होतेच. लपवलेलं होतं ते कंपनीने पुन्हा बाहेर काढलं. नुसतं अनोळखी होतं ते तसंच ठेवलं आणि लोकांना त्याची सवय झाली.

सरकणारं बटण

५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ मध्ये टास्कबारवरची चिन्हं मधोमध आली. हा बदल पाहून बहुतेकांना वाटतं, हा तर शुद्ध सवयीचा प्रश्न. डावीकडे होतं ते मध्ये गेलं, बस्स. पण नीट पाहा. टास्कबारवर चार चिन्हं असताना स्टार्ट कुठे आहे ते बघून ठेवा, मग आणखी पाच-सहा प्रोग्रॅम उघडा. सगळी रांग मधोमध राहावी म्हणून दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्ट बटण डावीकडे सरकतं. प्रोग्रॅम बंद केले की परत उजवीकडे येतं. म्हणजे हाताने पाठ करावी अशी एक जागाच उरलेली नाही. जे स्थिर नाही त्याची सवय कशी होणार? वर कोपऱ्याचा फायदाही गेला.

इलाज सोपा आहे. सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन', त्यात 'टास्कबार', त्यात 'टास्कबार बिहेवियर्स', आणि तिथे 'अलाइनमेंट' डावीकडे करायचं. बटण कोपऱ्यात जातं आणि तिथेच राहतं. कीबोर्डवरची विंडोज की वापरणाऱ्यांना या प्रश्नाची झळच लागत नाही.

राइट-क्लिकच्या मेनूचं वेगळं. विंडोज ११ ने तो आखूड केला आणि जुना मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे टाकला. इथे कंपनीला माझी सहानुभूती आहे. वर्षानुवर्षं प्रत्येक प्रोग्रॅम आपापली ओळ त्यात घुसवत गेला होता. काही कॉम्प्युटरवर तो मेनू स्क्रीनभर लांब व्हायचा आणि उघडायलाही वेळ घ्यायचा. साफसफाई हवीच होती. पण 'कट', 'कॉपी', 'रीनेम', 'डिलीट' हे शब्द काढून त्यांच्या जागी वरच्या ओळीत नुसती चिन्हं ठेवली, ती कुणासाठी कोण जाणे. अक्षरं वाचता येतात, चिन्हं ओळखावी लागतात. पुढे २०२४ च्या आवृत्तीत चिन्हांखाली शब्द आले. ज्यांना आजही पूर्ण मेनू हवा त्यांनी फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबावं. नाव बदलायला एफ२ आहेच.

आणि काही गोष्टी तर सरळ काढून टाकल्या होत्या. फाइल ओढत नेऊन टास्कबारवरच्या चिन्हावर धरली की तो प्रोग्रॅम पुढे येतो, ही जुनी सोय पहिल्या विंडोज ११ मध्ये नव्हती. सप्टेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटमध्ये ती परत आली. टास्कबारवर प्रत्येक खिडकी नावासकट वेगळी दाखवायची सोय परत यायला २०२३ उजाडलं. नसलेल्या गोष्टीची सवय करून घ्या, असं कुणी सांगितलं तर ते हसण्यावारी न्यावं.

डोळे आणि तोल

१८ सप्टेंबर २०१३ ला आयओएस ७ आलं. बटणांच्या कडा आणि सावल्या गेल्या, अक्षरं बारीक झाली. ॲप उघडताना स्क्रीन झपकन आत ओढल्यासारखी मोठी होई आणि फोन हलवला की मागचं चित्र तरंगे. काही लोकांना याने चक्कर आणि मळमळ होऊ लागली. हे नखरे नव्हते. आपला तोल कानातल्या आतल्या भागातून येणारे संकेत आणि डोळ्यांना दिसणारी हालचाल यांच्या मेळावर चालतो. डोळे म्हणतात हलतोय आणि कान म्हणतो बसलोय, असं झालं की गाडी लागल्यासारखं होतं. ज्यांना तोलाचे विकार आहेत त्यांना ते फार लवकर होतं. ऑक्टोबरमधल्या ७.०.३ अपडेटपासून 'रिड्यूस मोशन' चालू केलं की ही झेप घेणारी हालचालही बंद होऊ लागली. मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये दाबायच्या शब्दांना बटणाचा आकार देण्याचं सेटिंग आलं.

लिक्विड ग्लास हे नवं रूप ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आणि १५ सप्टेंबरला ते आयओएस २६ आणि मॅकओएस टाहो मधून लोकांच्या हाती आलं. पट्ट्या आणि बटणं काचेसारखी, मागचं आरपार दिसणारी. दिसायला देखणं आहे, हे मान्य करायला हवं. अडचण वाचण्याची. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं लागतं. पार्श्वभूमी ठरलेली असेल तर हे एकदा मोजून पाहता येतं. पण काचेमागे कधी पांढरं पान येणार, कधी गर्द फोटो, कधी दुसरीच अक्षरं. प्रमाण दर स्क्रोलला बदलतं. पांढरी अक्षरं फिक्या पार्श्वभूमीवर पुसट दिसतात ती महिन्याभरानेही पुसटच दिसणार. नोव्हेंबर २०२५ च्या २६.१ अपडेटमध्ये काच जास्त गडद आणि कमी पारदर्शक करण्याचा 'टिंटेड' पर्याय आला. त्याआधीपासून 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' आहेच.

वाचता न येणं आणि चक्कर येणं या दोन तक्रारींत वाट बघण्यात काही अर्थ नाही. ॲक्सेसिबिलिटीची सेटिंग्ज अपंगांसाठी असतात, आपल्यासाठी नाहीत, असा एक गैरसमज आहे. ज्याला उपयोग होतो त्याची ती सेटिंग्ज. पहिल्याच दिवशी बदलावीत.

आपलं दुखणं कुठलं

एक कसोटी मला सगळ्यात विश्वासाची वाटते. ज्याने जुनं रूप कधी पाहिलंच नाही अशा माणसाला तेच काम नव्या रूपात करायला सांगायचं आणि गप्प बसून बघायचं. तो सहज करत असेल तर आपला प्रश्न सवयीचा. तोही अडखळत असेल तर दोष मांडणीत आहे. दुसरी कसोटी पायऱ्या मोजण्याची: जुन्यात किती क्लिक, नव्यात किती. तिसरी काळाची. दोन-तीन आठवडे रोज वापरूनही एखाद्या जागी हात अजून थबकतो का? बाकी सगळं बसलं आणि एकच जागा खटकत राहिली, तर तिथे बहुधा काहीतरी खरंच चुकलेलं आहे.

कधी एकाच बदलात दोन्ही दुखणी असतात, विंडोज ११ च्या टास्कबारसारखी. तेव्हा तुकडे पाडून बघावं लागतं.

सवय बसेपर्यंत

अख्खी नवी प्रणाली शिकायला बसू नका. तसं कुणी करतही नाही. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली दाखवून दिलं होतं की माणसं माहितीपुस्तिका वाचत बसत नाहीत, थेट काम करायला घेतात आणि जमेल तसं निभावतात. मग त्या स्वभावाशी भांडायचं कशाला? रोजच्या कामांची एक छोटी यादी करावी: फाइल शोधणं, प्रिंट, वायफाय, आवाज, दोन खिडक्या शेजारी ठेवणं, कॉम्प्युटर बंद करणं. एवढ्याच गोष्टी नव्या रूपात कुठे गेल्या ते निवांत वेळी शोधून ठेवायचं, घाईच्या कामात नाही. बाकीचं गरज पडेल तेव्हा.

कीबोर्ड हा या सगळ्यात जुना आणि भरवशाचा सोबती. कंपन्या बटणं हलवतात, रंग बदलतात, मेनू पुसून टाकतात, पण कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही ला हात लावायची कुणाची छाती होत नाही. विंडोज की आणि ई दाबलं की फाइलींची खिडकी, विंडोज की आणि डी दाबलं की डेस्कटॉप, आल्ट आणि टॅब दाबलं की दुसरा प्रोग्रॅम: विंडोज ९८ मध्ये होतं ते ११ मध्येही आहे. विंडोज की दाबून प्रोग्रॅमचं नाव टाइप करायला लागायचं, ही पद्धत २००७ च्या व्हिस्टापासून चालत आली आहे. विंडोज ८ च्या गदारोळातही ती जशीच्या तशी चालत होती. मॅकवर कमांड आणि स्पेस दाबून येणारा 'स्पॉटलाइट' २००५ पासून आहे. नाव टाइप करून शोधणाऱ्याला मेनूची जागा बदलली तरी फारसं बिघडत नाही.

सुरुवातीचे आठवडे शक्य असेल तर जुन्या आणि नव्या रूपात सतत ये-जा टाळावी. ऑफिसात जुनं आणि घरी नवं असं चाललं की हाताला दोन्ही शिकावी लागतात आणि प्रत्येक वेळी चुकीचं आधी आठवतं. पुढे हात दोन्ही सांभाळतो, पण वेळ जास्त लागतो. आणि पहिल्याच दिवशी सगळी सेटिंग्ज उलटी करून जुनं रूप उभं करायचा मोह आवरावा. डोळ्यांची आणि चक्करेची सोडून बाकी सेटिंग्ज थोडे दिवस तशीच ठेवली तर यातल्या कुठल्या बदलाशी आपलं भांडण खरं आहे ते कळतं.

कुणाला नवं रूप शिकवत असाल तर त्यांच्या हातातला माऊस घेऊ नका. आपण करून दाखवलेलं त्यांच्या हाताला आठवत नाही.

थांबावं, पळावं की सांगावं

काही काळ जुन्यावरच राहणं हाही शहाणपणाचा मार्ग असू शकतो. आकडे बघा: विंडोज ८ ची मोठी दुरुस्ती वर्षभरात आली, आयओएस ७ ची सहा महिन्यांत, विंडोज ११ ची पहिली वर्षभरात, लिक्विड ग्लासची दोन महिन्यांच्या आत. पहिली दुरुस्ती येईपर्यंत थांबलेल्याचं फारसं काही बुडत नाही. अनेकांनी तर विंडोज ७ वरून थेट १० वर उडी मारली. मात्र जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट मिळत आहेत तोवरच हे ठीक. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर वाढीव सुरक्षा अपडेटची वेगळी सोय घेतली नसेल तर नव्याने सापडणारी भगदाडं कुणी बुजवत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मेनू आवडत नाही म्हणून जुन्यावर राहणं महागात पडेल.

जुना मेनू परत आणून देणारे बाहेरचे प्रोग्रॅमही मिळतात. विंडोज ८ च्या काळात क्लासिक शेल आणि स्टार्ट८ गाजले, क्लासिक शेलचा वारसा आज ओपन-शेल चालवतो. चांगले आहेत, पण ते प्रणालीच्या आतल्या भागांना चिकटून काम करतात, त्यामुळे एखाद्या मोठ्या अपडेटने ते एकदम कोलमडू शकतात. वापरायचे तर मूळ निर्मात्याकडूनच घ्यावेत.

लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीच्या जगात पळून जाण्याची वाट जास्त मोकळी आहे. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या ग्नोम या डेस्कटॉपच्या रूपाची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली. त्यात खिडकी लहान-मोठी करायची बटणंही काढली होती. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी जाहीर वैताग व्यक्त करून एक्सएफसीई हे दुसरं रूप वापरायला घेतलं. काहींनी ग्नोम २ चाच कोड पुढे चालवून 'माटे' उभं केलं, लिनक्स मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' बनवलं. एप्रिल २०११ मध्येच उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीने 'युनिटी' हे आपलं नवं रूप सगळ्यांच्या माथी मारलं आणि त्यालाही भरपूर शिव्या बसल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटू युनिटी सोडून ग्नोमकडे परत गेलं, तेव्हा डाव्या कडेची चिन्हांची उभी पट्टी मुद्दाम तशीच ठेवावी लागली, कारण लोकांना आता तिची सवय झाली होती. युनिटीवर जीव जडलेल्यांनी तर वेगळी आवृत्तीच चालू ठेवली आणि २०२२ मध्ये तिला उबुंटूच्या अधिकृत कुटुंबात जागा मिळाली.

राहिली तक्रार. 'नवं रूप भिकार आहे, जुनं परत द्या' असल्या तक्रारी हजारोंनी येतात आणि त्यांचं कुणी काही करू शकत नाही. काम, पायऱ्या आणि अडथळा लिहावा: 'फोटो ईमेलमध्ये जोडायला मी फाइल ओढत टास्कबारवर नेतो. आधी ईमेलची खिडकी आपोआप पुढे यायची. आता येत नाही, त्यामुळे दोन्ही खिडक्या आधी शेजारी लावाव्या लागतात.' हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमरला नेमकं काय तुटलंय ते कळतं, आणि असं लिहिणारे पुरेसे असले तर दुरुस्ती होते. विंडोजमध्ये विंडोज की आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं. तिथे आधी शोधून बघा, तीच तक्रार कुणी नोंदवलेली असेल तर नवी लिहिण्यापेक्षा तिलाच मत द्या. ॲपलच्या संकेतस्थळावर प्रत्येक उत्पादनासाठी अभिप्रायाचं वेगळं पान आहे. आवृत्तीचा क्रमांक लिहायला मात्र विसरू नका.